दिलेला विषय आणि हौशी कॅमेरा

हौशी छायाचित्रकारांमध्ये विषय देऊन फोटो काढायची पद्धत आता चांगली रुळली आहे. कोणी आठवड्याला एक विषय देतो: सावली, लाल रंग, हात, पाणी, रेषा. कोणी महिनाभर एकाच विषयाला चिकटून राहतो. वर्षाच्या बावन्न आठवड्यांना बावन्न विषय घेणारे आहेत आणि ३६५ दिवस रोज एक फोटो काढायचा नेम धरणारेही आहेत. कॅमेरा क्लबांमध्ये मासिक स्पर्धेचा विषय आधी जाहीर होतो आणि ठरल्या तारखेला सगळ्यांचे फोटो एकत्र पाहिले जातात. या साऱ्याला सरसकट ‘चॅलेंज’ म्हणतात. त्याचे समर्थन करताना लोक सहसा सांगतात, की विषय दिला की माणूस घराबाहेर पडतो, कपाटातला कॅमेरा हातात येतो, आळस जातो. हे खरे आहे, पण एवढ्याने काम भागत नाही. घराबाहेर पडायला सहलही पुरते. विषयाचे खरे काम वेगळे आहे. विषय फोटोंना एकमेकांशेजारी ठेवण्याजोगे करतो. मोकळ्या भटकंतीत काढलेले दहा फोटो दहा निरनिराळ्या गोष्टींचे असतात. त्यांत देऊळ असते, मांजर असते, सूर्यास्त असतो आणि भाचीचा वाढदिवसही असतो. त्यांतला कोणता चांगला आणि का, हे ठरवायला काही आधार नसतो. देवळापेक्षा मांजर बरी आली, असे म्हणता येते, पण त्यातून शिकण्यासारखे हाती काही लागत नाही. तेच दहा फोटो सावलीचे असले, तर दुपारी बाराचा आणि संध्याकाळी पाचचा फोटो शेजारी ठेवता येतो. एकात सावली भिंतीवर चढली, दुसऱ्यात जमिनीवरच पसरली, हे दिसते आणि हा फरक कशामुळे पडला हे विचारता येते. प्रयोगशाळेत एक गोष्ट कायम ठेवून दुसरी बदलतात, म्हणजे परिणाम कशाचा ते कळते. विषय हौशी माणसाला तीच सोय करून देतो. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे, आणि विषय कसा निवडावा, बक्षिसाचे काय करावे, गावात काढण्यासारखे काही नाही असे वाटते तेव्हा काय, हे पुढचे सगळे प्रश्न याच म्हणण्यातून सुटतात.

आपल्याकडच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. संस्कृतात आणि मराठी पंडिती परंपरेत समस्यापूर्ती होती. सभेत एक चरण द्यायचा आणि उरलेला श्लोक प्रत्येकाने आपापल्या बुद्धीने पुरा करायचा. सगळ्यांचा शेवटचा चरण एकच असल्यामुळे कोणी कोणत्या वाटेने तिथवर पोचले हे श्रोत्यांना लगेच कळे. दिलेल्या चरणाने कवीला अडवले, असे कोणाला वाटत नसे. उलट कवीचे कसब उघड व्हायला तोच चरण उपयोगी पडे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया स्टोक्स यांनी २००५ च्या सुमारास बंधने आणि सर्जनशीलता या विषयावर एक पुस्तक लिहिले. नेमके बंधन घातले की नेहमीची सोपी वाट बंद होते आणि मन दुसरी वाट शोधू लागते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. कॅमेरा हातात असलेल्या माणसाची सोपी वाट कोणती असते, हे प्रत्येकाने आपल्या मोबाइलमधले गेल्या वर्षीचे फोटो चाळले तर कळेल: उभ्या माणसाच्या उंचीवरून, समोरून, वस्तू बरोबर मधोमध. विषय ‘जमिनीलगतचे जग’ असा असेल, तर ही वाट आपोआप बंद होते.

लक्ष आणि स्मरण यांविषयीचा एक प्रयोग इथे सांगायला हवा. फेअरफील्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेले. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली, तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवत होत्या. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कॅमेरा स्मरणशक्ती खातो अशी त्याची ओरड झाली. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. वस्तूच्या एका ठरावीक भागावर झूम करून फोटो काढायला सांगितले, तेव्हा स्मरण कमी झाले नाही. फ्रेमबाहेर राहिलेला भागसुद्धा लोकांना आठवत होता. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नव्हता. कॅमेरा हातात असताना मनाला काय काम दिले होते, त्यावर सगळे अवलंबून होते. ‘याचा फोटो काढा’ हे काम यंत्र करून टाकते, तर ‘याच्या या भागाचा फोटो काढा’ म्हटले की पाहणाऱ्याला निवड करावी लागते. चांगला विषय दुसऱ्या जातीचा असतो.

आता हे सगळे एका गावात नेऊन पाहू. पिंपरी-चिंचवडच्या ईशान्य टोकाला, आळंदीच्या अलीकडे, इंद्रायणीच्या काठी चऱ्होली बुद्रुक आहे. ‘सावली’ हा विषय घेऊन तिथे वर्षभर फिरायचे ठरवले, तर काय हाती लागेल? चऱ्होलीचा अक्षांश १८.६ अंशांच्या आसपास आहे. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मेच्या मध्यावर आणि दुसऱ्यांदा जुलै संपता संपता. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच नाहीशी होते. दुसरा मुहूर्त पावसाळ्यात असल्यामुळे बहुधा ढगांत हरवतो, म्हणून मे महिन्यातला साधायचा. या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. एरवी दुपारी ऊन न पाहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींवर तेव्हा तिरपे ऊन खरवडत उतरते आणि गिलाव्याचा प्रत्येक खवला, प्रत्येक तडा उठून दिसतो. पोत दाखवणारा असा उजेड या भिंतींवर वर्षात याच दिवसांत भर दुपारी मिळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परिस्थिती उलटी होते. दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर जात नाही आणि कोणत्याही उभ्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या नऊ-दशांश एवढी लांब उत्तरेकडे पडते. पन्नास मीटर उंच इमारतीची ही सावली माध्यान्ही सुमारे ४५ मीटर होते. चऱ्होलीत बैठी कौलारू घरे, पत्र्याच्या शेड आणि नव्या उंच सोसायट्या एकमेकांना खेटून उभ्या आहेत. इमारतीच्या उत्तरेला एखादे जुने घर असेल, तर त्याच्या अंगणात हिवाळ्याच्या दुपारी ऊन येणार की नाही, हे त्या ४५ मीटरांवर ठरते. भिंतीवरच्या नक्षीपासून सुरू झालेला विषय असा कोणाच्या वाटचे ऊन कोणाकडे गेले, या प्रश्नापाशी येतो. इथे विषयाची ताकद दिसते. मे आणि डिसेंबरचे दोन फोटो एकाच जागेवरून काढून शेजारी ठेवले नाहीत, तर ही गोष्ट दिसतच नाही.

तंत्र आधी शिकावे, विषयांच्या नादी नंतर लागावे, असा एक आक्षेप ज्येष्ठ मंडळी घेतात. तंत्र हवेच, यात वाद नाही. पण विषयाशिवाय शिकलेले तंत्र अंगात मुरत नाही. समजा आठवड्याचा विषय आहे ‘पांढरा’. चऱ्होलीच्या परिसरात पांढऱ्याला तोटा नाही. वारकऱ्यांचे सदरे-धोतरे आहेत, चुना दिलेली देवळे आहेत आणि इंद्रायणीवर अधूनमधून तरंगणारा फेसही आहे. सांडपाणी, कारखान्यांचे पाणी आणि त्यातली साबणासारखी रसायने यांमुळे हा फेस येतो आणि दुरून पाहणाऱ्याला फसवण्याइतका तो सुंदर दिसतो. यातले काहीही ऑटो मोडवर काढले, की पांढरे करडे येते. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. फ्रेमभर पांढरे असले, की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. एक ते दोन स्टॉप एक्स्पोजर वाढवल्याशिवाय पांढरे पांढरे येत नाही. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींची आहे. पण आठवडाभर करडे सदरे काढल्यावर ती जी डोक्यात बसते, ती मग कायमची. ‘प्रतिबिंब’ या विषयाचेही तसेच. पावसाळ्यात डबक्यात उलटी दिसणारी इमारत टिपताना नवखा माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर फोकस करतो आणि इमारत धूसर येते. प्रतिबिंबासाठी फोकसचे अंतर कॅमेऱ्यापासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून इमारतीपर्यंत असे बेरजेने धरावे लागते. पोलरायझर लावला, तर पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहताना प्रतिबिंब जवळजवळ पुसता येते आणि खालचा तळ दिसतो. कोन बदलला की त्याचा प्रभाव ओसरतो. एकच डबके दहा वेळा काढणाऱ्याला हे हातानेच कळते. दहा वेगळ्या गोष्टी एकेकदा काढणाऱ्याला ते कळायला वर्षे लागतात.

विषय वाटून घेऊन हौशी लोकांनी फोटो काढावेत, ही कल्पना मोबाइलच्या काळातली नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा पुरती सोळा वर्षेही झाली नव्हती. या संस्थेच्या कामात डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी सक्रिय भाग घेतला. ते स्वतः डॉक्टर होते, म्हणजे शब्दाच्या खऱ्या अर्थाने हौशी. १८५६ ते १८५८ या काळात मुंबईतून ‘इंडियन अॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक निघाले. त्याच्या प्रत्येक अंकात तीन मूळ फोटो चिकटवलेले असत आणि त्यांचे विषय ठरावीक होते: वास्तू, देखावे आणि निरनिराळ्या समाजांतल्या माणसांचे पोशाख व धंदे. माणसांना ‘नमुने’ म्हणून उभे करण्याची त्या काळची दृष्टी आज खटकते आणि खटकलीच पाहिजे. पण मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातल्या कष्टकऱ्यांचे चेहरे पाहायचे, तर आज ज्या थोड्या जागी जावे लागते त्यांत हे अंक आहेत. विषय ठरलेला नसता, तर त्या हौशी मंडळींनी आपल्या बंगल्यांचे आणि मित्रांचे फोटो काढले असते.

इंग्लंडमध्ये हा विचार आणखी पुढे गेला. बर्मिंगहॅमच्या जेरोम हॅरिसन यांनी १८८९ मध्ये सुचवले, की वॉरिकशायर परगण्याचे मोठ्या नकाशावर भाग पाडावेत, ते हौशी छायाचित्रकारांत वाटून द्यावेत आणि जुन्या इमारती, चालीरीती, धंदे यांची नोंद करावी. त्याच वाटेने सर बेंजामिन स्टोन यांनी १८९७ मध्ये राष्ट्रीय छायाचित्र नोंद संघ काढला. तो १९१० पर्यंत चालला आणि त्याचे फोटो ब्रिटिश म्युझियमकडे सोपवले गेले. अमेरिकेत १९३५ पासून रॉय स्ट्रायकर यांनी सरकारी छायाचित्र विभाग चालवला. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स यांच्यासारखे लोक त्यांच्याकडे होते. ही मंडळी पगारी होती, पण स्ट्रायकर त्यांना जे पाठवत त्या याद्या आजच्या चॅलेंजच्या याद्यांशी फार जुळतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी १९३६ मध्ये बोलणे झाल्यावर त्यांनी अशीच एक यादी केली. संध्याकाळी लोक घरी काय करतात, कामावर आणि कामाबाहेर माणसे कशी दिसतात, असे साधे प्रश्न त्यात होते. त्या विभागाच्या संग्रहात आज सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत, आणि मंदीतल्या अमेरिकेचे जे चित्र जगाच्या डोळ्यांसमोर उभे राहते ते बरेचसे या संग्रहातले. अलीकडचे उदाहरण द्यायचे, तर २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही स्पर्धा सुरू झाली. विषय एकच, नोंद झालेली वारसा वास्तू, आणि अट एकच, फोटो कोणालाही वापरता येईल असा खुला द्यायचा. पुढच्याच वर्षी तिच्यात १ लाख ६८ हजारांवर फोटो आले आणि गिनेसने तिची जगातली सर्वांत मोठी छायाचित्र स्पर्धा म्हणून नोंद केली. २०१२ पासून भारतातलेही लोक त्यात आले. या सगळ्यांत चांगले फोटो किती आणि सामान्य किती, हा प्रश्न गौण ठरतो, कारण एका विषयाखाली आल्यामुळे सामान्य फोटोसुद्धा दुसऱ्या फोटोची साक्ष देतो.

यावर एक वजनदार आक्षेप असा, की एक विषय दिला की सगळ्यांचे फोटो एकसारखे येतात. ‘वारी’ म्हटले, की टाळ उंचावलेला वारकरी, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, रिंगणातला अश्व. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. ‘वारी’ हा फार मोठा विषय आहे. मोठ्या विषयात माणूस आधी पाहिलेली चित्रेच शोधत जातो. उपाय विषय टाकून देण्याचा नाही, तो अरुंद करण्याचा आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघते. दुसऱ्या दिवशी पुण्याकडे जाताना ती चऱ्होली फाट्याजवळच्या थोरल्या पादुका मंदिरापाशी थांबते, आरती होते आणि मग दिघीकडे जाते. पालखीचे फोटो काढायला तिथे गर्दी असतेच. पण विषय ‘पायांत काय आहे’ असा घेतला तर? चपला, बूट, अनवाणी टाचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पाय, झिजलेला रबरी तळ. किंवा विषय ‘पालखी पुढे गेल्यानंतरचा अर्धा तास’ असा घेतला, तर रस्ता झाडणारे, पाण्याचे टँकर, मागे राहिलेले आणि घाईने चालणारे लोक दिसतात. हे विषय घेणाऱ्या पाच जणांचे फोटो एकसारखे येऊच शकत नाहीत, कारण डोक्यात आधीचे चित्र नसते. पुण्याचे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनी तमाशा या विषयाला वर्षानुवर्षे चिकटून काम केले आणि त्यावर पुस्तक केले. विषय लांबवला, की तो आपोआप खोल आणि अरुंद होतो. फडाच्या मंचावरून नजर राहुटीकडे, ट्रककडे, चुलीकडे वळते. आठवड्याच्या चॅलेंजमध्ये हे घडत नाही, म्हणून ज्याला एखादा विषय धरून ठेवावासा वाटला त्याने पुढच्या आठवड्याचा विषय खुशाल सोडावा.

दुसरा आक्षेप लक्षाचा. एकच गोष्ट शोधत फिरणाऱ्याला बाकीचे दिसत नाही. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांचा १९९९ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रफितीत खेळाडू चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकतात ते मोजायला सांगितले, तेव्हा मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस जवळजवळ निम्म्या प्रेक्षकांना दिसलाच नाही. लाल रंग शोधत चऱ्होलीच्या रस्त्यावरून जाणाऱ्याची अशीच गत होईल, हे मान्य करायला हवे. पण विषय नसताना आपल्याला सगळे दिसते, हे गृहीत धरणे चुकीचे आहे. लक्ष तेव्हाही कशाकडे तरी असतेच: कामाकडे, गर्दीकडे, सवयीच्या सुंदर गोष्टींकडे. फरक इतकाच, की तेव्हा आपण काय गाळतो हे आपल्याला माहीत नसते. विषय घेतला की गाळलेले काय ते नेमके कळते आणि पुढचा विषय ते भरून काढू शकतो. म्हणून विषयांचा क्रम महत्त्वाचा आहे. लाल रंगानंतर ‘आवाज’ हा विषय घ्यावा. आवाजाचा फोटो काढता येत नाही, म्हणून रंगाच्या मागे लागलेली नजर प्रसंगांकडे आणि माणसांच्या हालचालींकडे वळते.

बक्षिसांविषयीचा आक्षेप मला या सगळ्यांत सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो मी अर्धा मान्य करतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रे काढायची आवड असलेल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळात ही मुले रंगीत पेनांशी इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ खेळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले त्यांची आवड कमी झाली नाही. बक्षिसाच्या आशेने केलेले काम छंदातला आनंद खाते. त्याहून वाईट म्हणजे मोठे बक्षीस लबाडीला बोलावते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेचा २००९ चा विजेता फोटो कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा माणसाळलेला असावा असा निष्कर्ष निघाल्यावर हा फोटो बाद झाला. त्याच स्पर्धेतला मुंगीखाऊचा एक विजेता फोटो २०१८ मध्ये बाद झाला, कारण त्यातला प्राणी पेंढा भरलेला असल्याचे तज्ज्ञांचे मत पडले. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून बनवून घेतलेल्या चित्राला मिळालेला सोनी जागतिक पुरस्कार स्वतःच नाकारला, स्पर्धा या प्रश्नाला तयार आहेत का हे दाखवण्यासाठी. या घटना पाहून कोणी म्हणेल, मग चॅलेंज नकोतच. पण यात दोन गोष्टींची गल्लत होते. विषय आणि बक्षीस एकत्र येतात, म्हणून ते एक नव्हेत. नासाडी करते ते बक्षीस, आणि शिकवतो तो विषय. खरे तर लबाडीला आळा घालायलाही विषयाची काटेकोर व्याख्याच उपयोगी पडते. आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धा-प्रदर्शनांत (सलोनांत) ‘निसर्ग’ या विभागाची व्याख्या अशी आहे, की माणसाने बनवलेल्या गोष्टी फारच थोड्या अपवादांतच चालतात आणि फोटोतली कोणतीही वस्तू घालता, काढता किंवा हलवता येत नाही. ही व्याख्या पाळून काढलेला चऱ्होलीतला वेडा राघू विजेच्या तारेवर बसलेला चालणार नाही, तो फांदीवर येईपर्यंत थांबावे लागेल. हे थांबणे हेच त्या विभागाचे शिक्षण आहे, पदक मिळो न मिळो. तेव्हा हौशी मंडळांनी विषय कडक ठेवावा आणि बक्षीस शून्य किंवा नाममात्र ठेवावे. निकाल लावण्यापेक्षा सगळे फोटो एका भिंतीवर लावून दोन तास बोलावे. पहिला क्रमांक जाहीर झाला, की बोलणे तिथेच संपते.

राहिला प्रश्न गावाचा. ताडोबा, रायगड, कोकणचा किनारा यांचे फोटो लोक पाहतात, चऱ्होलीचे कोण पाहणार? या प्रश्नामागे अशी समजूत आहे, की फोटोची किंमत समोरच्या दृश्याच्या भव्यतेत असते. तुलनेचे तत्त्व धरले, तर ती किंमत बदलाच्या वेगात असते. किनाऱ्यावरचा सूर्यास्त वीस वर्षांनी फारसा वेगळा असणार नाही. चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १० लाखांच्या थोडी वर होती, २०११ मध्ये ती १७ लाखांच्या वर गेली. दरम्यान चाकणकडे मोटारींचे कारखाने आले. बजाजचा तिथला कारखाना १९९९ पासून आहे, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. त्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो वर्कशॉपांत काम करणारी माणसे मोशी, भोसरी, दिघी, चऱ्होली या पट्ट्यात राहायला आली. शेत, त्यात उभा राहिलेला ‘प्लॉट विकणे आहे’चा फलक, मग पाया, मग क्रेन, मग गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, हा प्रवास इथे दोन-तीन वर्षांत होतो. ‘शेताची कड’ असा विषय घेऊन महिन्यातून एकदा त्याच बांधावर उभे राहणाऱ्याला जे मिळेल ते कोणत्याही अभयारण्यात मिळणार नाही. ‘शिफ्ट सुटण्याची वेळ’ हा विषयही असाच. कंपनीच्या बसमधून उतरणारे थकलेले चेहरे, हातातला डबा, गणवेशाच्या शर्टावरचे तेलाचे डाग. आणखी पंधरा वर्षांनी या माणसांचे जगणे कसे होते, हे कोणाला शोधावेसे वाटेल तेव्हा वर्तमानपत्रांत उद्घाटनांचे फोटो सापडतील. बस थांब्यावरचे हे फोटो कोणी हौशी माणसाने काढले असले तरच असतील.

अशा विषयांना मर्यादा आहेत आणि त्या आधी समजून घेतल्या पाहिजेत. कारखान्याच्या आत व्यवस्थापनाच्या परवानगीशिवाय फोटो काढू नयेत. दिघीकडे लष्कराच्या जागा आहेत, पलीकडे लोहगावचा हवाई दलाचा तळ आहे. तिथल्या मनाईच्या पाट्या शोभेच्या नाहीत, आणि ड्रोन उडवण्यापूर्वी या भागातले निर्बंध तपासायलाच हवेत. माणसाचा चेहरा ओळखू येईल असा फोटो काढताना विचारावे. शिफ्ट संपवून आलेल्या माणसाला नको म्हणण्याचा हक्क आहे आणि त्याचे ‘नको’ ऐकले की मागे फिरावे. नदीच्या फेसाचे फोटो काढताना त्याच्या देखणेपणापाशी थांबू नये. त्याच फ्रेममध्ये काठ, पाइप, माणूस असे काहीतरी यावे, ज्याने तो फेस कशाचा आहे हे कळेल. नाहीतर बर्फासारखे दिसणारे ते चित्र खोटी साक्ष देते.

शेवटची गोष्ट नोंदीची, आणि हौशी लोक सर्वाधिक हयगय इथेच करतात. बेंजामिन स्टोन यांच्या संघाचा आग्रह असे, की फोटो टिकाऊ पद्धतीने छापलेला असावा आणि त्याच्या कार्डावर विषय, ठिकाण, तारीख व छायाचित्रकाराचे नाव लिहिलेले असावे. आज तारीख आणि वेळ कॅमेरा आपोआप फाइलमध्ये लिहितो, पण फोटो एकाकडून दुसऱ्याकडे पाठवताना ती माहिती अनेकदा गळून पडते, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असले तर मुळातच चुकीची असते. म्हणून फाइलच्या नावातच तारीख घालावी, मूळ फाइल वेगळी जपावी आणि दोन ओळींची टीप जोडावी. ठिकाण नुसते ‘चऱ्होली’ लिहून भागत नाही. चऱ्होली बुद्रुक नदीच्या या बाजूला आहे आणि महापालिकेत आहे. चऱ्होली खुर्द पलीकडच्या काठावर, खेड तालुक्यात आहे. कोणत्या काठावरून, कोणत्या खुणेपाशी उभे राहून, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला ठेवून फोटो काढला, हे लिहिलेले असले, तर पुढच्या वर्षी तोच विषय घेणाऱ्या दुसऱ्या कोणालाही नेमके तिथेच उभे राहता येते.